नऊ मार्चचा शिक्का

हार्लेम, १४ ऑक्टोबर १९९२

प्रिय यित्स्के,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील. मठाच्या शाळेत सिस्टर ओडिलियानं पट्टी घेऊन घोटून घेतलेलं हे अक्षर मला या जन्मी बदलता येणार नाही. बाकी पुष्कळ बदललं. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, आणि गेल्या वर्षी मी संस्थेतून निवृत्त झाले.

संस्था सोडून गेल्यावर तू मला पाच वर्षं नाताळची कार्डं पाठवलीस. पाचही माझ्याकडे आहेत. एकालाही मी उत्तर दिलं नाही. सहाव्या वर्षी कार्ड आलं नाही तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते तुझ्यावरच्या रागानं नव्हतं, एवढंच आज म्हणते.

तुझा पत्ता थेआनं दिला. तळमजल्यावर पंचकार्डं करायची, सतत पुदिन्याच्या गोळ्या चघळायची, ती थेआ. तिला आता तीन नातवंडं आहेत आणि गोळ्या अजून चालूच आहेत. आपल्या अहवालाला तीस वर्षं झाली म्हणून नोव्हेंबरात संस्थेत जुन्या माणसांचा मेळावा आहे. थेआ त्याची यादी करते आहे. फोनवर बोलता बोलता ती म्हणाली की तुझा भाऊ शूर्ड लेउवार्डनच्या इस्पितळात आहे. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. तिची धाकटी बहीण त्याच वॉर्डात नर्स आहे, म्हणून कळलं. मग म्हणाली, "सख्खी बहीण वीस किलोमीटरवर राहते, पण भेटायला फिरकली नाही म्हणे. बोलतच नाहीत एकमेकांशी. कुठल्याशा पत्रावरून."

मी फोन ठेवला आणि तुझी पाचही कार्डं खणातून बाहेर काढली.

आपली तिसऱ्या मजल्यावरची खोली तुला आठवते? मला रोज आठवते. आपली भाषा तेव्हा जन्माला यायची होती. गणकयंत्राशी बोलायची भाषा, आणि तिच्यात काय लिहिलेलं चालेल आणि काय चालणार नाही हे नियमांच्या यादीत बसवायचं होतं. आपले प्रमुख डॉक्टर रोस्मालेन नियम सांगायचे, मी टंकायची. टोकदार कंस टंकयंत्रावर नव्हते, म्हणून प्रत्येक नावाभोवती मी ते शाईनं काढायची. एका दिवसात चारशे कंस काढलेले मला आठवतात. तू म्हणायचीस, "पोपच्या पोरी, देवळातल्या मेणबत्त्यांसारखे ओळीनं काढतेस गं." मी म्हणायची, "तुम्हा काळ्या मोज्यांच्या कर्मठ प्रोटेस्टंटांना दागिना बघवत नाही, दुसरं काय."

मला ते काम मनापासून आवडायचं. शाळेत सिस्टर फळ्यावर वाक्य लिहून त्याच्या फांद्या करायच्या: हा कर्ता, हे क्रियापद, ही नुसती टिकली. आपले नियम पाहिल्यावर मला वाटलं, हे तेच, फक्त उलटं. इथे आधी फांद्या ठरवायच्या आणि मग त्यांना कुठली कुठली पानं फुटू शकतील ते बघायचं.

आणि मग तू ते अकरा पानांचे नियम साडेतीन पानांत आणलेस. महिरपी कंसानं. मला समजत नव्हतं, म्हणून दुपारच्या जेवणात मला वाटाण्याच्या सुपावर शिकवलंस. "सूप म्हणजे वाटाणे, पाणी, आणि महिरपी कंसात सॉसेज. कंसातली वस्तू कितीही वेळा येऊ शकते. तुझ्या आईच्या घरी पाच सॉसेज. आमच्याकडे महिनाअखेरीला एकही नाही. तरी ते सूपच ना, लिड?" माझ्या तोंडातला पाव बाहेर यायचा राहिला.

यित्स्के, शूर्डला भेटायला जा. मागचं धरून बसू नकोस. उशीर कुठेही होऊ शकतो. टपालात होतो, कचेरीतल्या टेबलावरही होतो.

तुझी,
लिड


हार्लेम, २१ ऑक्टोबर १९९२

प्रिय यित्स्के,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी उत्तर देशील असं वाटलं नव्हतं, आणि देशील तर हे लिहिशील असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

तू लिहितेस: "शूर्डनं स्वतः कबूल केलं आहे. १९७९ साली, आमच्या स्वयंपाकघरात, टोपी हातात घेऊन. पेटीत टाकायला दिलेलं पत्र तीन दिवस त्याच्या कोटाच्या खिशात पडून होतं. म्हणजे सतरा वर्षं तो माझ्या तोंडावर खोटं बोलत होता. चूक मी केव्हाच माफ केली असती. खोटं नाही करणार. कचेरीतल्या टेबलाचं काय म्हणतेस? तुला काय माहीत आहे?"

हे मी चार वेळा वाचलं. शूर्डनं कबूल केलं हे मला ठाऊक नव्हतं. तो असं कबूल करूच शकत नाही, यित्स्के.

नीट सांगते. नियमांचा मसुदा फेब्रुवारीत सहा देशांतल्या नऊ सभासदांना गेला. तू तेव्हा आईच्या आजारपणासाठी गावी होतीस, म्हणून एक प्रत तुलाही टपालानं पाठवली. आपली पद्धत तुला माहीतच आहे. ज्याची सूचना मसुद्यात असेल त्याला हरकत घ्यायला तीस दिवस. हरकत मुदतीत आली तर ती सगळ्यांकडे फिरवायची आणि बैठक पुढे ढकलायची. आली नाही तर संमती धरायची. तारीख कुठली, तर आमच्या शिक्क्याची. पाकिटावरची नाही, पत्राच्या मथळ्यावरचीही नाही. कारण कुणी मथळ्यावर वाटेल ती तारीख घालील, असं त्या म्युनिकच्या गृहस्थांचं म्हणणं होतं.

मुदत सात मार्चला संपत होती. तुझ्या पत्रावर नऊचा शिक्का होता.

माझ्या टेबलावरचा तो शिक्का जुना होता. आकड्यांच्या पट्ट्या बोटानं फिरवाव्या लागायच्या, आणि कधी कधी त्या आपसूक सरकायच्या. त्या दिवशीही सरकल्या असतील. मी पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. ही माझी चूक. शूर्डची नाही. त्याला एवढं सांग.

तुझी,
लिड


हार्लेम, २२ ऑक्टोबर १९९२

प्रिय यित्स्के,

कालचं पत्र खोटं होतं. पेटीत टाकून घरी आले आणि दुसरा कागद काढला. मी सत्तावन्न वर्षांची आहे, आणि अजून शाळेतल्या पोरीसारखं अर्धं सांगून अर्धं ॲप्रनखाली लपवते.

पट्ट्या सरकल्या नव्हत्या. मी फिरवल्या.

तुझं पत्र मंगळवारी आलं. सहा मार्च, सकाळच्या टपालात. जाड होतं. मसुद्यातला प्रत्येक नियम तू हातानं पुन्हा लिहिला होतास, सव्वीसच्या सव्वीस, आणि प्रत्येकासमोर कुठे काय मोडतं ते. वरचं पान मला आजही पाठ आहे. "डॉक्टरांनी माझ्या कंसाचा अर्थ बदलून 'किमान एकदा' असा केला आहे. माझे नियम 'एकदाही नसलं तरी चालेल' असं धरून लिहिलेले आहेत. असेच छापले तर ज्याच्याकडे सॉसेज नाही त्याचं सूप सूप ठरणार नाही. एक तर अर्थ पूर्ववत करा, नाही तर माझे नियम आणि माझं नाव दोन्ही काढा."

मी ते वाचलं, आणि मला कळलं की तू बरोबर आहेस. हे मला लिहिलंच पाहिजे. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही. तूच शिकवलं होतंस.

पण बैठक रोमला होती. एप्रिलात. डॉक्टर मला टिपणं घ्यायला बरोबर नेणार होते. आमच्या गावातलं रोमला कुणीच गेलं नव्हतं. आईनं सगळ्या वाडीत सांगितलं होतं. शेजारणींनी अकरा जपमाळा आणून दिल्या होत्या, पोपच्या आशीर्वादासाठी. बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. हरकत मुदतीत आली असती तर बैठक सहा महिने पुढे गेली असती, आणि तीही मग रोमला नाही, कोपनहेगनला. कोपनहेगनला जपमाळा घेऊन काय करू?

आणखी एक. पाकिटावर तू "सचिव" असं लिहिलं होतंस. "लिड" नाही. आत माझ्यासाठी एक ओळही नव्हती. तू कामाचं पत्र कामासारखं लिहिलंस, हे आज समजतं. त्या सकाळी मला वाटलं, बघा, हिच्या लेखी मी म्हणजे नुसती टंकयंत्राची खुर्ची. पुढे जे केलं ते करायला मला एवढा राग पुरला.

मी पत्र खणात ठेवलं. शुक्रवारी काढलं, शिक्का मारला आणि डॉक्टरांपुढे नेलं. पाकिटाचं कुणी विचारलं नाही. सगळ्या पाकिटांवरची तिकिटं मी मिशनच्या सिस्टरांना दानासाठी विकता यावीत म्हणून कापून घ्यायची आणि पाकिटं टाकून द्यायची, हे सगळ्यांना माहीत होतं. तुझं तिकीटही तसंच कापलं. त्यावर तुमच्या डोक्कमच्या टपालाचा शिक्का होता, पाच मार्चचा. आफ्रिकेत एखाद्या दवाखान्याचं छप्पर शाकारायला त्याचे दोन सेंट गेले असतील.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, शिक्का पाहिला आणि म्हणाले, "वाईट वाटतं. पण एकीसाठी नियम वाकवला तर म्युनिकचे लोक मला फाडून खातील." त्यांनी ते उशिरा आलेल्यांच्या फाइलीत लावलं. ते कपटी नव्हते, यित्स्के. कंसाच्या तुझ्या अर्थापेक्षा त्यांचा अर्थ सोपा आहे असं त्यांना खरंच वाटत होतं. खोटेपणा त्या खोलीत मी एकटीच करत होते.

रोमला अहवाल वीस मिनिटांत मंजूर झाला. पहिल्याच पानावर आभार: ही खूणपद्धत कुमारी यित्स्के विएर्डा यांची. त्याच संध्याकाळी मी एका चर्चमध्ये पापकबुलीला बसले. म्हाताऱ्या पाद्र्याला शिक्का आणि कंस समजावता समजावता माझी जर्मन संपली. त्यानं विचारलं, कुणी मेलं का. मी म्हटलं, नाही. कुणाचं चोरलं? नाही. मग म्हणाला, तीन वेळा मरियेची प्रार्थना म्हण आणि जा. मी ती म्हटली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला त्याच तीन प्रार्थनांची पावती दाखवत आले.

शरद ऋतूत तक्रारीचं पहिलं पत्र आलं. छापील नियमांप्रमाणे, यंत्राला द्यायच्या ज्या आज्ञावलीच्या सुरुवातीला एकही नोंद नाही ती आज्ञावलीच ठरत नाही. मग दुसरं आलं, मग दहावं. कुणीतरी त्याला "यित्स्केचा खड्डा" म्हणायला लागलं आणि ते चिकटलं. सहा देशांतल्या कॉफीच्या खोल्यांत, तुला कधीही न भेटलेली पोरं, कुठलंही काम फसलं की म्हणायची, पडला रे यित्स्केच्या खड्ड्यात. तू खालच्या मजल्यावरून चढून येताना हे ऐकलंस तो दिवस मला आठवतो. जिन्याच्या वळणावर मला थांबवून फक्त विचारलंस,

"लिड, खरंच नऊ तारखेला आलं?"

आणि मी म्हटलं, "शिक्का आहे ना."

महिनाभरात तू राजीनामा दिलास. आपल्यात जो सगळ्यात हुशार हात होता तो डोक्कमच्या शाळेत पोरांना पाढे शिकवायला गेला, आणि मी तुझ्या खोलीतल्या खिडकीशी टेबल सरकवून घेतलं, कारण तिथे उजेड चांगला होता.

शूर्डनं पत्र सोमवारीच टाकलं होतं. तो तुला जे सतरा वर्षं सांगत होता ते खरं होतं. त्यानं कबूल का केलं ते मला माहीत नाही. पण कबूल करण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

त्याच्याकडे जा. माझं काय करायचं ते नंतर ठरव.

लिड


हार्लेम, ३० ऑक्टोबर १९९२

यित्स्के,

आठ दिवस झाले, तुझं काही नाही. तू पत्र न फोडताच चुलीत घातलं असशील असं मला रात्रंदिवस वाटू लागलं. पहिल्या दोन पत्रांनंतर तिसरं फोडावं असं मी काय ठेवलं होतं? म्हणून काल मी लेउवार्डनला गेले.

तुझी परवानगी घेतली नाही. माझ्या चुकांत ही आणखी एक.

शूर्ड खिडकीकडच्या पलंगावर आहे. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तो तुला ॲमस्टरडॅमला पोचवायला आला होता तेव्हा, दाराच्या चौकटीत मावत नव्हता. आता उशीवर नुसती कवटी आणि दोन मोठे हात. नाकाला नळी आहे. दर चार शब्दांना थांबतो. नर्सनं नाव सांगितलं तर म्हणाला, "यित्स्केची कॅथलिक." म्हणजे घरी तू माझ्याबद्दल बोलायचीस.

मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच. शिक्का, रोम, जपमाळा. मी थांबले तेव्हा तो छताकडे पाहत होता. मग म्हणाला,

"सोमवारीच टाकलं होतं. दुधाचे कॅन पोचवले आणि सरळ पेटीपाशी गेलो. झाकणाला बर्फ धरला होता. ढकलताना बोटाचं कातडं निघालं."

मी विचारलं, मग कबूल का केलंत?

त्याला हसू आलं आणि हसताना खोकला आला. नर्स धावत आली, पाणी पाजलं, माझ्याकडे रागानं पाहून गेली. त्यानंतर तो तुकड्या तुकड्यानं बोलला. आई गेल्यावर घराण्यात तुम्ही दोघंच उरलात. तू दर वर्षी, आई गेल्याच्या तारखेला, एकच वाक्य म्हणायचीस: कबूल कर, मी माफ करते. सतरा वर्षं त्यानं ते ऐकलं. मग त्याला वाटलं, हिला एवढंच हवं असेल तर देऊन टाकू. गाय विकतो तसं. टोपी काढली आणि दिलं. "तर तिनं दारच लावलं," तो म्हणाला. "माझा हिशेबच चुकला."

थोड्या वेळानं म्हणाला, "पुढे पुढे मलाच वाटायला लागलं. राहिलं असेल खिशात. माणूस आपल्या हातावर किती दिवस विश्वास ठेवील, सगळं जग नाही म्हणताना?"

मी त्याच्या हाताला हात लावायला गेले तर त्यानं सावकाश आपला हात पांघरुणात घेतला. रागानं नाही. तो माझा नव्हता, एवढंच.

मग त्यानं विचारलं, "रोम कसं होतं?"

अगदी साधेपणानं विचारलं, यित्स्के. टोमणा नव्हता. त्याला जाणून घ्यायचं होतं की ते कशासाठी गेलं. मी म्हटलं, ऊन होतं. आणि लांबून, माणसांच्या डोक्यांवरून, पोपची एक बाही दिसली.

"बाही," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

निघताना मी विचारलं, यित्स्केला काही निरोप देऊ का. तो म्हणाला, "निरोप कशाला. तिला ये म्हणावं. ती आली तर मी पुन्हा सांगीन, सोमवारीच टाकलं. या खेपेला तिनं हो म्हणावं."

भेटीची वेळ दोन ते चार. तिथल्या डॉक्टरांनी नर्सला सांगितलं आहे, फार तर दोन आठवडे. मी परत जाणार नाही, तेव्हा दारात मी भेटेन अशी भीती धरू नकोस.

लिड


हार्लेम, २४ नोव्हेंबर १९९२

प्रिय श्रीमती विएर्डा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला "तुम्ही" लिहिलंत. ते बरोबर आहे, म्हणून मीही तसंच लिहिते.

शूर्ड गेल्या बुधवारी गेले, आणि तुम्हाला त्यांच्याबरोबर सोळा दिवस मिळाले, हे तुम्ही कळवलंत. पहिल्याच दुपारी ते "सोमवारीच टाकलं" म्हणाले आणि तुम्ही "हो" म्हणालात, हेही लिहिलंत. ते लिहायला तुम्ही बांधील नव्हता. तुम्ही लिहिलंत, ते सोळा दिवस माझ्यामुळे मिळाले असं मी समजू नये, कारण तीस वर्षं माझ्यामुळे गेली. मी तसं समजत नाही. अंत्यविधीला येऊ नये असंही लिहिलंत. मी आले नाही. त्या वेळी मी इथे घरीच होते.

पुन्हा लिहू नका असं तुम्ही बजावलं आहे. हे एवढंच शेवटचं, कारण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, आणि ती दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

शनिवारी मेळावा झाला. साठेक माणसं होती. जुन्या यंत्राचा एक तुकडा काचेच्या पेटीत ठेवला होता. नव्या संचालकांनी भाषण केलं आणि गमतीत यित्स्केच्या खड्ड्याचा उल्लेख केला. ते तेव्हा शाळेतसुद्धा जात नसतील. लोक हसले. मी हात वर केला. सिस्टर ओडिलियाच्या वर्गात करायची तसा, सरळ, आणि परवानगी मिळेपर्यंत खाली घेतला नाही. मग उभी राहून सगळं सांगितलं. हरकत सहा तारखेला आली होती. चूक मसुद्यात डॉक्टर रोस्मालेनांच्या हातून झाली, ती विएर्डांनी मुदतीत दाखवली, आणि त्यांचं पत्र मी तीन दिवस दाबलं. लिहूनही नेलं होतं, सहीसकट. ते ग्रंथपालांकडे दिलं. तुमच्या पत्राला ते जोडून ठेवतील, आणि फाइल आता उशिरा आलेल्यांत राहणार नाही.

कुणी रागावलं नाही. तेच सगळ्यात कठीण गेलं. म्युनिकहून आलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बाई, ती भाषा मरून वीस वर्षं झाली. आता कोण वापरतं? कशाला जिवाला लावून घेता?"

मी म्हटलं, "भाषेचं नाही बोलत मी. माणसाचं बोलते."

ते केक आणायला गेले. थेआ माझ्या शेजारी बसली होती. तिनं आपला कप उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेली. गोळ्यांची पुडी तेवढी माझ्यापुढे राहिली. ती घ्यायला ती परत आली नाही. मी कोट घेतला आणि निघाले. बाहेर कालव्यावर धुकं होतं आणि गाडीला वीस मिनिटं होती.

मी तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढं कामसुद्धा आता मी तुमच्यावर टाकू इच्छित नाही.

लिडविना फान आस्टेन